विश्वकिरणांपासून चांद्रधूलीपर्यंत : कुलाब्याच्या संशोधन संस्थेच्या इतिहासातील एक प्रकरण

वर्तकनगरातील आम्हां वाचनप्रेमी रहिवाशांनी मानवाच्या चंद्रावतरणाच्या स्मरणार्थ ही पुस्तिका काढण्याचे योजिले आणि तीत त्या महत्कार्याशी निगडित अशा एका संस्थेचा इतिहास असावा असे मुक्रर झाले, तेव्हा अमेरिकेतील वा रशियातील एखाद्या प्रक्षेपण-केंद्राचे नाव प्रथम सुचणे स्वाभाविक होते. परंतु ज्या संस्थेतील अभ्यासकांनी चंद्रावरून आलेल्या मातीचे कण घोटले, आम्लात बुडवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यांतील लक्षावधी वर्षांचा वृत्तान्त वाचला, ती संस्था ठाणे स्थानकावर गाडीत बसलेल्या माणसाला दोनेक तासांत गाठता येते, हे ठाऊक असूनही तिला डावलून दूरदेशीच्या तळांची वर्णने करीत बसणे मला प्रशस्त वाटेना. कुलाब्याच्या टोकावरील टाटा मूलभूत संशोधन संस्था ती हीच. आणि तिच्या समग्र इतिहासाला या पृष्ठांत जागा पुरणार नसल्याने, विश्वकिरणांच्या अध्ययनातून निघून चांद्रधूलीपर्यंत पोहोचलेला तिचा एक प्रवाह तेवढा येथे सांगावयाचा आहे.

या संस्थेवर ठाणेकरांचाही हक्क आहे, असे मी म्हणतो त्याला दप्तरी आधार आहे. डॉ. होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा विश्वस्त मंडळाला पत्र लिहून भौतिकशास्त्रातील मूलभूत प्रश्नांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संशोधन-संस्था उभारण्याची विनंती केली. विश्वस्तांनी ती मान्य केली, १ जून १९४५ रोजी बंगळूर येथे कामास आरंभ झाला, आणि त्याच वर्षी १९ डिसेंबर रोजी मुंबईत पेडर रोडवरील ‘केनिलवर्थ’ नामक बंगल्यात मुंबईचे गव्हर्नर सर जॉन कोल्व्हिल यांच्या हस्ते संस्थेचे रीतसर उद्घाटन झाले. पहिल्या वर्षाचे अंदाजपत्रक ८०,००० रुपयांचे होते. त्यांपैकी ४५,००० विश्वस्त मंडळाने, २५,००० मुंबई सरकारने आणि १०,००० हिंदुस्थान सरकारने द्यावयाचे ठरले. मुंबई सरकारच्या तिजोरीत त्या काळी ठाणे जिल्ह्याचा शेतसारा आणि इतर वसूल जमा होत असे. तेव्हा त्या पंचवीस हजारांत भिवंडी-कल्याणकडच्या भातशेतीच्या खातेदाराने भरलेल्या रकमेचाही अंश होता, हे विसरता कामा नये.

भाभांनी ज्या विषयापासून प्रारंभ केला तो विश्वकिरणांचा. अंतराळातून पृथ्वीवर अहोरात्र वर्षणारे हे अतिवेगवान कण व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९१२ साली बलूनमधून उंच जाऊन प्रथम ओळखले होते, आणि स्वतः भाभांची कीर्ती केंब्रिजमध्ये याच विषयावरील कार्याने झालेली होती. ज्या देशात मोठी यंत्रे विकत घेण्याची ऐपत नाही, त्या देशाने असा विषय निवडावा की ज्याची प्रयोगशाळा आकाशात फुकट उघडी आहे, हा त्यांचा विचार मला आजही अत्यंत शहाणपणाचा वाटतो. छायाचित्रणाच्या जाड लेपाच्या काचा बलूनबरोबर वर सोडावयाच्या, त्या परत आल्यावर रसायनात धुवून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांतील कणांच्या रेषा शोधावयाच्या, आणि त्या रेषांची लांबी, जाडी व वळण यांवरून कण कोणता व त्याची ऊर्जा किती हे ठरवावयाचे, अशी ती पद्धत होती. आरंभी रबराचे बलून वापरीत. पुढे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पॉलिथीनचे प्रचंड बलून संस्थेतच तयार होऊ लागले आणि ते हैदराबादहून सोडले जात. हैदराबादचे स्थान भूचुंबकीय विषुववृत्ताजवळचे असल्याने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र तेथे दुर्बळ कणांना अडविते आणि केवळ प्रबळ तेवढेच खाली उतरू देते. निसर्गानेच घातलेल्या या चाळणीचा लाभ शीत प्रदेशांतील संशोधकांना मिळण्यासारखा नव्हता. कोलार येथील सोन्याच्या खाणीत सुमारे २,३०० मीटर खोल उतरूनही संस्थेच्या मंडळींनी विश्वकिरणांचे कण मोजले, आणि १९६५ साली वातावरणात उत्पन्न होणाऱ्या न्यूट्रिनो या अतिदुर्ग्राह्य कणांची नोंद तेथे परदेशी सहकाऱ्यांसमवेत घेतली.

१९४९ साली संस्थेचा मुक्काम ‘केनिलवर्थ’मधून अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत हलला. त्या बंदराचे मूळ नाव ‘पालवा’ असून इंग्रजांच्या जिभेवर त्याचे ‘अपोलो’ झाले, असे सांगतात. पुढे ज्या यानांनी आणलेली माती या संस्थेत तपासली जावयाची होती त्यांचेही नाव अपोलोच असावे, हा निव्वळ योगायोग असला तरी संस्थेच्या इतिहासकाराला तो नोंदल्यावाचून राहवत नाही.

याच इमारतीत विश्वकिरणांचे अभ्यासक बर्नार्ड पीटर्स यांच्या सहवासात काशीहून आलेला एक तरुण घडला. त्याचे नाव देवेंद्र लाल. जन्म १९२९चा, शिक्षण काशी हिंदू विश्वविद्यालयात, आणि डॉक्टरेट मुंबई विद्यापीठाची. विश्वकिरण वातावरणावर आदळताच त्यातून जे किरणोत्सारी अणू निर्माण होतात ते पावसाबरोबर जमिनीवर आणि पुढे समुद्रतळाशी जाऊन साठतात, आणि म्हणून ते निसर्गातील घड्याळांसारखे वापरता येतील, हा विचार पीटर्स व लाल यांनी चिकाटीने विकसित केला. पावसाच्या पाण्यातून बेरिलियमचे असे समस्थानिक वेगळे काढल्याचे वृत्त या संस्थेतील लाल, राम, गोयल प्रभृतींनी १९५६ साली प्रसिद्ध केले. त्यांतील एकाचे अर्धायुष्य अवघे त्रेपन्न दिवसांचे आहे, म्हणजे पावसाळ्याच्या आरंभी पडलेल्या थेंबातील निम्मे अणू श्रावण-भाद्रपदापर्यंत नाहीसे होतात. आकाशातून आलेल्या आघाताची खूण जड वस्तूत शोधून तिच्यावरून काळ मोजावयाचा, ही दृष्टी येथे तयार झाली, आणि चंद्राची माती आली तेव्हा नेमकी हीच दृष्टी उपयोगास आली.

इकडे हे शांतपणे चालले असता बाहेरच्या जगात स्पर्धेचा डंका वाजू लागला होता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला. १९५९च्या सप्टेंबरात रशियाचेच लूना-२ यान चंद्रावर आदळले आणि पुढच्याच महिन्यात लूना-३ने चंद्राची मानवाने कधीही न पाहिलेली पाठ छायाचित्रांत आणली. १२ एप्रिल १९६१ रोजी युरी गागारिन पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, आणि त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, २५ मे रोजी, अध्यक्ष केनेडी यांनी दशक संपण्यापूर्वी चंद्रावर मनुष्य उतरवून सुखरूप परत आणण्याचा संकल्प अमेरिकन काँग्रेसपुढे मांडला. गागारिन त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईसही येऊन गेला. परंतु या विजयवार्तांच्या आड अभियंत्यांना छळणारे प्रश्न निराळेच होते. चंद्रावर उतरणारे यान टणक भूमीवर टेकेल, की खगोलशास्त्रज्ञ टॉमस गोल्ड यांनी वर्तविल्याप्रमाणे धुळीच्या खोल थरात रुतेल? पृथ्वीभोवतीचे जे किरणपट्टे व्हॅन ॲलन यांना १९५८ साली आढळले, त्यांतून माणूस पार कसा व्हावा? आणि सूर्याने मध्येच उग्र स्वरूप धारण केले तर, वातावरणाचे वा चुंबकीय क्षेत्राचे कवच नसलेल्या चंद्रावर उभ्या असलेल्या माणसाचे काय व्हावे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९६६ साली लूना-९ आणि सर्व्हेयर-१ या दोन यानांनी अलगद टेकून दिले, की भूमी भार पेलण्याइतकी घट्ट आहे. उरलेले प्रश्न मात्र मुळात विश्वकिरणांच्या शास्त्राचे होते. म्हणजे ज्या विद्येत मुंबईची ही संस्था वीस वर्षे मुरलेली होती, त्या विद्येचे होते.

आपल्या देशाच्या अंतराळकार्याची सूत्रेही याच विद्येच्या उपासकांच्या हाती आली. १९६१ साली हे काम अणुऊर्जा विभागाकडे सोपविले गेले आणि १९६२ साली डॉ. विक्रम साराभाई यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय राष्ट्रीय अंतराळ संशोधन समिती स्थापन झाली. साराभाईंचा केंब्रिजचा प्रबंधही विश्वकिरणांवरचाच होता. थुंबा येथील अग्निबाण-तळाच्या जागेच्या निवडीत कोल्हापूरच्या एकनाथ चिटणीस यांनी केलेली पायपीट, पुण्याच्या प्रमोद काळे यांनी अमेरिकेत घेतलेले प्रशिक्षण, आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून झेपावलेले पहिले अग्निबाण हा वृत्तान्त सुपरिचित असल्याने त्याचा येथे केवळ निर्देश करतो. संस्था तोवर आपल्या कायमच्या घरी आली होती. कुलाब्यातील वास्तूची कोनशिला पंडित नेहरूंनी १९५४च्या पहिल्या दिवशी बसविली होती आणि १५ जानेवारी १९६२ रोजी त्यांच्याच हस्ते तिचे उद्घाटन झाले. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान-अपघाताने भाभांना हिरावून नेले. त्यांच्या पश्चात संचालकपद एम. जी. के. मेनन यांच्याकडे आले, आणि मेनन ब्रिस्टलमध्ये त्याच छायाचित्रण-लेपांच्या विद्येत तयार झालेले असल्याने कामाची परंपरा खंडित झाली नाही.

२१ जुलै १९६९. भारतीय वेळेप्रमाणे रात्री १ वाजून ४७ मिनिटांनी अपोलो-११चे ‘ईगल’ हे यान चंद्रावरील शांतिसागरावर टेकले आणि सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी आर्मस्ट्राँग यांचे पाऊल पडले. त्या दोन्ही क्षणी चंद्र ठाण्याच्या आकाशात नव्हताच. शुक्ल पक्षातील अर्ध्याहून किंचित लहान असा तो चंद्र मध्यरात्रीपूर्वीच येऊरच्या डोंगरांमागे मावळला होता आणि दिवस बराच वर आल्याखेरीज उगवणार नव्हता. मुंबईत दूरचित्रवाणी यावयास अजून तीन वर्षे अवकाश होता, त्यामुळे येथील लोकांनी तो सोहळा डोळ्यांनी पाहिला नाही, रेडिओला कान लावून ऐकला. त्यानंतर अवघ्या पंचवीस दिवसांनी, १५ ऑगस्ट रोजी, भारतीय अंतराळ संशोधन संघटना स्थापन झाली. आणि २६ ऑक्टोबर रोजी जगाच्या दौऱ्यावर निघालेले तिघे चंद्रवीर मुंबईस आले.

त्यांनी आणलेली सुमारे साडेएकवीस किलो माती आणि दगड जगातील निवडक प्रयोगशाळांना ग्रॅमच्या हिशेबाने उसने दिले गेले, आणि प्रत्येक कणाचा जमाखर्च ठेवला गेला. देवेंद्र लाल तेव्हा कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संस्थेतही काम करीत. अपोलो-११च्या मातीवरील त्यांचा पहिला निबंध १९७० साली तेथील सहकाऱ्यांसमवेत प्रसिद्ध झाला. १९७१ साली मात्र मुंबईच्या संस्थेतून भंडारी, भट, लाल, राजगोपालन, ताम्हणे आणि वेंकटवरदन या सहा जणांच्या नावांनी अपोलोच्या नमुन्यांवरील निबंध ह्यूस्टनच्या चांद्रविज्ञान परिषदेच्या कार्यवृत्तात छापून आले, आणि त्यांत शास्त्रीय जगाला विचारात घ्यावी लागेल अशी सामग्री होती.

हे काम नेमके काय होते, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण संस्थेच्या वीस वर्षांच्या साधनेचे सार त्यात उतरले आहे. लोहवर्गातील जड अणुकेंद्र स्फटिकात घुसले म्हणजे त्याच्या मार्गावरील अणूंची रचना विस्कटते, आणि ती विस्कट कोट्यवधी वर्षे तशीच राहते. डोळ्यांना तिचा मागमूस लागत नाही. पण तोच स्फटिक योग्य रसायनात काही काळ ठेवला तर विस्कटलेला भाग सभोवारच्या अखंड भागाहून लवकर विरघळतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली केसाहूनही बारीक असे नळीसारखे चर दिसू लागतात. पूर्वी छायाचित्रणाच्या काचेवर जी रेषा प्रयत्नपूर्वक उमटवावी लागे, ती येथे दगडानेच जपून ठेवलेली असते. प्रत्येक खनिजाला रसायन मात्र वेगळे लागते. ऑलिव्हीन या हिरवट खनिजात चर स्वच्छ उमटविणारे द्रावण बराच काळ कोणास साधत नव्हते. ते कृष्णस्वामी, लाल, प्रभू आणि ताम्हणे यांनी या संस्थेत सिद्ध केले आणि १९७१ साली ‘सायन्स’ नियतकालिकात जाहीर केले. चांद्रशिला आणि अशनी यांवर काम करणाऱ्यांनी ते जगभर स्वीकारले. अशी साधी, हाताने घडविलेली युक्ती मला कित्येक भव्य यंत्रांहून मोलाची वाटते.

चर मोजले की काळ मोजता येतो. सूर्याच्या स्फोटांतून येणारे लोहकण दगडात जेमतेम काही मिलिमीटर शिरतात, तर आकाशगंगेच्या दूरच्या प्रदेशांतून येणारे काही सेंटिमीटर खोल जातात. त्यामुळे जो कण चंद्राच्या अगदी पृष्ठावर उघडा पडून होता त्यात चरांची दाटी होते आणि जो इंचभर मातीखाली पुरलेला होता त्यात ते विरळ सापडतात. एकाच चिमटीत दाट आणि विरळ असे दोन्ही प्रकारचे कण सापडले, यावरून हे स्पष्ट झाले की चंद्राची माती स्थिर पडलेली नसून उल्कांच्या आघातांनी तिची सतत नांगरट होत असते, आणि आज तळाशी असलेला कण कधी काळी उन्हात पडून होता. लाल यांच्या १९७०च्या निबंधाचा विषयच मातीचे हे मिश्रण हा होता. मुंबईच्या अभ्यासकांनी पुढे जाऊन गेल्या लक्षावधी वर्षांतील लोहवर्गीय कणांच्या ऊर्जेचे सरासरी प्रमाण या चरांवरून काढले. सूर्याची वर्तणूक फार दीर्घ काळात आमूलाग्र पालटलेली नाही, असा या प्रकारच्या अभ्यासांचा एकंदर निष्कर्ष आहे. सूर्यकणांच्या या अभ्यासाचे व्यावहारिक महत्त्व किती, हे लवकरच प्रत्ययास आले. १९७२च्या ऑगस्टमध्ये सूर्यावर जो भयंकर उद्रेक झाला तो एप्रिलमधील अपोलो-१६ आणि डिसेंबरमधील अपोलो-१७ या दोन मोहिमांच्या दरम्यान पडला. त्या वेळी चंद्रावर कोणी असते तर त्याच्या प्रकृतीस गंभीर धोका होता.

शांतिसागरावरील दगड बेसॉल्टचे निघाले. आपल्या येऊरच्या डोंगरात जो काळा दगड आहे त्याच जातीचे ते, म्हणजे वितळलेला लाव्हा थिजून झालेले. फरक एवढाच, की सह्याद्रीचा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आणि चंद्राचा साडेतीन अब्ज वर्षांहूनही जुना. शिवाय चंद्राच्या दगडात पाण्याचा अंश जवळजवळ नाही आणि टायटॅनियमचे प्रमाण मोठे. उपवनच्या तळ्याकाठी फिरायला येणाऱ्या मुलांना हे साम्य मी पुष्कळदा सांगितले आहे, आणि पायाखालचा खडा उचलून निरखून पाहिला नाही असा मुलगा मला आढळला नाही.

१९७१च्या डिसेंबरअखेर साराभाई अकाली निवर्तले, तेव्हा अंतराळ संघटनेची धुरा १९७२च्या जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत मेनन यांनी सांभाळली. त्याच वर्षी लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि चांद्रशिलांचे काम त्यांच्याबरोबर तिकडे गेले. संस्थेच्या दृष्टीने ही हानी होती, असे मी स्पष्ट लिहितो. पण देशाच्या दृष्टीने बीज दुसऱ्या शेतात पडले. १९७१च्या निबंधावर ज्यांचे नाव होते ते नरेंद्र भंडारी भारताच्या चांद्रमोहिमेच्या मांडणीत सहभागी झाले, आणि लाल यांच्या परंपरेत वाढलेले जितेंद्रनाथ गोस्वामी २२ ऑक्टोबर २००८ रोजी निघालेल्या चांद्रयान-१चे प्रमुख शास्त्रज्ञ होते. वेंकटवरदन यांनी मुंबईच्या नेहरू तारांगणाचे संचालकपद भूषविले, आणि ठाण्याहून सहलीने तेथे गेलेल्या अनेकांनी ग्रहतारे प्रथम त्याच घुमटाखाली ओळखले. देवेंद्र लाल २०१२ साली निधन पावले.

१९७४ साली संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन केले. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत जाऊन मराठी मुलांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रयोग या केंद्राने केले, आणि आज ते मानखुर्द येथे आहे. कुलाब्याच्या संस्थेत राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, शाळकरी विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम होतो. वर्तकनगर, शिवाईनगर, समतानगर येथील पालकांनी आणि शिक्षकांनी आगाऊ चौकशी करून आपल्या मुलांना एकदा तरी तेथे न्यावे. आणि जाताना येऊरचा एक काळा खडा त्यांच्या खिशात घालून द्यावा.